ब्रिजेट मॅडमच्या माळ्यावरच्या गोळ्या

दादरला केमिस्टकडे औषधाची पट्टी हातात आली की मी आधी ती उजेडासमोर धरतो, मग तिच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवतो आणि मग मागची बारीक छपाई वाचत बसतो. परवा दुकानदाराने विचारलंच, "काय साहेब, पाचशेची नोट आहे काय?" रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी मोठा सुस्कारा सोडला. माझी बायको अशा वेळी मला ओळख दाखवत नाही. ती शेजारच्या फुलवाल्याकडे जाऊन शेवंतीचा भाव विचारत बसते. खरं सांगायचं तर ही खोड माझी नव्हे. ब्रिजेट मॅडमनी ती मला लावली. मागच्या वर्षी त्या गेल्या, आणि खोड माझ्याकडे राहिली.

ब्रिजेट परेरा हे त्यांचं पूर्ण नाव. वरळी कोळीवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. शिवडीला गोदामांच्या रांगेत आमच्या कंपनीची औषधं तपासायची प्रयोगशाळा होती, तिथे त्या तीस वर्षं होत्या. कंपनी स्वतः औषधं बनवत नसे. गुजरातच्या वाटेवरच्या एका कारखान्याकडून ती बनवून घ्यायची, शिवडीच्या गोदामात आणायची, आम्ही तपासून सही केली की पेट्या बंदरातून आफ्रिकेला. बहुतेक माल एकच: मलेरियाच्या पिवळ्या गोळ्या. त्या गोळ्या आमच्यापैकी कोणाच्या घरी येत नव्हत्या, आमच्या गल्लीतल्या दुकानात मिळत नव्हत्या, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. आपलं औषध खाणारा माणूस रस्त्यात भेटत नसला, दारात येऊन भांडत नसला, की हाताखालचं काम आपोआप सैल होतं. माझं झालं होतं. मी दुसऱ्या कंपनीतून पस्तिशीला तिथे आलो तो सगळ्या वाईट सवयी बरोबर घेऊनच.

मॅडम बुटक्या, गोल, आणि चालायला भयंकर जलद. अ‍ॅप्रनखाली जुन्या पद्धतीचा सुती फ्रॉक, चष्म्याला साखळी, पायात निळ्या रबरी चपला. त्यांच्या डब्यात सोमवार सोडून रोज सुकी मासळी असायची. सोमवार का सोडून, तर रविवारचं मटण उरलेलं असायचं. एकदा त्यांच्या जवळ्याच्या चटणीने अख्ख्या प्रयोगशाळेला वास लागला आणि साहेबांनी आत डबा खायला बंदी घातली. तेव्हापासून मॅडम बाहेर जिन्यात बसून जेवायच्या. मी लालबागचा मालवणी, त्यामुळे आठवडाभरातच मीही जिन्यात जाऊन बसायला लागलो. आमची खरी ओळख त्या जिन्यातली.

प्रयोगशाळेत आमच्याकडे एक यंत्र होतं. त्यात काचेची सहा भांडी, भांड्यांत पोटात असतं तेवढं कोमट पाणी, आणि प्रत्येकात फिरणारं एक वल्हं. एकेका भांड्यात एकेक गोळी सोडायची आणि ठरलेल्या वेळात तिच्यातलं औषध पाण्यात उतरतं की नाही ते मोजायचं. गोळीत औषध भरपूर असेल, पण ती पोटात विरघळलीच नाही, तर ती खडा गिळल्यासारखीच. मॅडमनी त्या सहा भांड्यांना आपल्या सहा भावंडांची नावं दिली होती. पाचव्या भांड्याचं नाव टोनी. टोनी हा त्यांचा धाकटा भाऊ, होडीवर जायचा, आणि सगळीकडे उशिरा पोचण्याबद्दल कोळीवाड्यात प्रसिद्ध होता. पाचव्या भांड्यातली गोळी का कोण जाणे नेहमी मागे राहायची. मॅडम घड्याळ बघून म्हणायच्या, "टोनी आज पण लेट." नवा माणूस हे ऐकून गोंधळून दाराकडे बघायचा.

आणखी एक गोष्ट म्हणजे त्या कधी 'पास' म्हणत नसत. 'आज पास' म्हणायच्या. मी विचारलं, यात फरक काय? तर म्हणाल्या, "तू लग्नाच्या दिवशी नवरीला बघून सांगतोस काय, संसार चांगला झाला म्हणून?"

माझी पहिली चांगली खरडपट्टी निघाली ती तिसऱ्या आठवड्यात. मी एका बॅचची चाचणी केली, ती नापास आली. आधीच्या कंपनीत अशा वेळी करायचं ते मी केलं. परत केली, पास आली. पहिला कागद चुरगाळून टोपलीत टाकला आणि दुसरा फाईलला लावला. संध्याकाळी पाहतो तर मॅडम तो चुरगाळलेला कागद टेबलावर पसरून गरम पाण्याच्या फ्लास्कने त्याला इस्त्री करतायत. मला वाटलं आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. कागद सपाट झाला, त्यांनी डिंक लावला, वहीत चिकटवला आणि म्हणाल्या, "सावंत, नापास झालेल्याचं पण बारसं करायचं असतं, मॅन. तो पण आपलाच आहे. आता बस आणि शोध, दोघांतला खोटा कोण ते." मी तीन दिवस शोधत बसलो. पहिला खरा निघाला. ती बॅच गेली नाही. त्यानंतर आठ वर्षांत मी कागद टोपलीत टाकायच्या आधी दोनदा बघितलं, आणि आजही बघतो, मग तो भाजीच्या यादीचा का असेना.

एकदा आफ्रिकेतून एक पाकीट आलं. त्यात आमच्याच नावाच्या चार पट्ट्या. छपाई आमची, रंग आमचा, मागचं चकाकणारं चिन्हसुद्धा हुबेहूब. पण बॅचचा जो नंबर होता, तसला नंबर आम्ही कधी काढलाच नव्हता. तपासलं तर गोळीत मलेरियाचं औषध नावालाही नाही. पिवळा रंग, पिठूळ काहीतरी, आणि थोडं तापाचं औषध. म्हणजे रोग्याचा ताप उतरणार, घरच्यांना वाटणार गुण आला, आणि आत रक्तात मलेरिया आपला आरामात वाढणार. प्रयोगशाळेत सगळे चवताळले. साहेब तर पोलिसांत जायच्या गोष्टी करायला लागले. मॅडम ती पट्टी उलटसुलट करत बसल्या होत्या.

"हा चोर हुशार आहे," त्या मला जिन्यात म्हणाल्या. "त्याला माहीत आहे की माणूस ताप बघतो. पण याची मला भीती नाही वाटत. याला पकडायला पोलीस आहेत, सरकार आहे. मला आपली भीती वाटते."

"आपली काय भीती? आपण काय खडू विकतो?"

"खडू नाही. अर्धी गोळी. आपलं नाव, आपली सही, आणि आत औषध कमी उतरतंय. ती मलेरियाला मारत नाही, सावंत. ती त्याला ट्यूशन देते. तो शिकतो, आणि पुढच्या वेळी चांगल्या गोळीला पण हसतो. त्याला कोण पकडणार? त्याच्यावर तर आपणच पास लिहिलंय."

मी त्यांच्या डब्यातली सुकी कोलंबी उचलली आणि विषय बदलला. तेव्हा मला असल्या गोष्टी जेवताना नको वाटायच्या.

माल विकत घेणाऱ्यांच्या बाजूने तिकडचा एक फार्मासिस्ट वर्षातून एकदा प्रयोगशाळा बघायला यायचा. उंच, हळू बोलणारा माणूस. साहेब त्याला यंत्रं दाखवायचे, सर्टिफिकेटं दाखवायचे. मॅडमना त्याच्याशी बोलायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी सर्टिफिकेटाचं काहीच विचारलं नाही. आपल्या इंग्रजीत त्यांनी एवढंच विचारलं की, गावच्या दवाखान्याचं छप्पर पत्र्याचं असतं की गवताचं? तो म्हणाला, पत्र्याचं. खिडकी किती मोठी? लहान. गोळ्या जमिनीवर ठेवता की माळ्यावर? तो म्हणाला, पावसात जमिनीला पाणी येतं, म्हणून वर, छपराखाली. साहेब कपाळाला हात लावून बसले होते. तो माणूस मात्र खुश झाला. म्हणाला, इतकी वर्षं येतोय, पण छपराबद्दल आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभराने मॅडमनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या चर्चचा सण होता. वरळी कोळीवाड्यातल्या त्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. टोनी मला घ्यायला येणार होता, तो अर्थातच आला नाही. मी विचारत विचारत पोचलो. घरात बाटलीत वर्षभर भरून ठेवायच्या घरच्या 'बाटली मसाल्या'तलं मटण, तळलेले गोल पावासारखे फुगे, आणि मॅडमची वहिनी लिना, जी मॅडमपेक्षाही जलद बोलायची. जेवण झाल्यावर मॅडम म्हणाल्या, वर ये, तुला काहीतरी दाखवते.

वर पत्र्याखाली माळा. बांबूवर बोंबील वाळत टांगलेले, समुद्राची दमट हवा आणि पत्र्याची धग, दोन मिनिटांत माझा शर्ट अंगाला चिकटला. आणि बोंबलांच्या शेजारी, त्याच बांबूवर, दोऱ्याने बांधलेल्या आमच्या पिवळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर बॅच नंबर आणि टांगल्याची तारीख.

"मॅडम, हे काय आहे?"

"माझं कपाट."

नियम असा होता की, प्रत्येक बॅचमधले थोडे नमुने प्रयोगशाळेत थंड कपाटात राखून ठेवायचे. शिवाय गरम, दमट हवेचं एक वेगळं कपाट होतं, पण त्यात वर्षातून एकच बॅच ठेवायची. बाकीच्या बॅचा त्या पत्र्याखाली पोचल्यावर काय होतं, हे कोणालाच कळायचा मार्ग नव्हता, आणि कळायला पाहिजे असं नियम म्हणत नव्हता. मॅडमनी आपला मार्ग काढला होता. प्रत्येक बॅचच्या चार पट्ट्या घरी आणायच्या, टांगायच्या, आणि सहा महिन्यांनी एक उतरवून, शनिवारी प्रयोगशाळा रिकामी असताना तपासायची.

"ही अक्कल माझी नाही, माझ्या आईची," त्या म्हणाल्या. आई सुकी मासळी टोपलीत घेऊन लालबाग-परळच्या चाळींत विकायची. पावसाळ्याची बेगमी म्हणून बायका एकदम घ्यायच्या. चाळीतल्या खोलीत मासळीचं भांडं मोरीच्या शेजारीच राहणार, हे आईला माहीत होतं. म्हणून ती प्रत्येक लॉटमधला एक बोंबील स्वतःच्या मोरीत आठ दिवस टांगून ठेवायची. तो नरमला नाही तरच बाकीचे विकायला न्यायची. "कडक ऊन होतं, बोंबील काडकन मोडत होता, तो आपल्या घरी. गिऱ्हाइकाच्या घरी मोडला पाहिजे."

मी लालबागचा. माझ्या आजीने त्या टोपलीतले बोंबील घेतले असतील, असं मनात आलं आणि मला उगाच भरून आलं. पण मी नोकरी करणारा माणूस होतो. नमुने घरी नेणं म्हणजे सरळ चोरी, नोकरी जायचं कारण, हे मला ठाऊक होतं. मी तसं म्हणालो.

"ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तुला दाखवलं. एकाला तरी माहीत पाहिजे, मी मेले तर लिना हे बोंबलाबरोबर तळून टाकेल."

खालून लिना ओरडली की, तिने सगळं ऐकलंय.

तीन वर्षं ते गुपित माझ्याकडे होतं. तीन वर्षं माळ्यावरची प्रत्येक पट्टी 'आज पास' होत राहिली, आणि मला वाटायला लागलं की, हा म्हातारपणीचा छंद आहे, कोणी पोपट पाळतो तसा. मॅडमना निवृत्तीला सहा महिने उरले होते. आम्ही वर्गणी काढून काय द्यायचं याच्या चर्चा सुरू केल्या होत्या.

एका सोमवारी सकाळी मी आलो तेव्हा त्या सहा भांड्यांच्या समोर बसल्या होत्या. शनिवारची वही उघडी होती. मी म्हटलं, "काय, टोनी लेट?"

"सहाही टोनी झालेत आज," त्या म्हणाल्या. आवाजात चेष्टा नव्हती.

अठ्ठावीस नंबरची बॅच. माळ्यावर सहा महिने राहिलेली गोळी ठरलेल्या वेळात अर्धीसुद्धा विरघळली नव्हती. त्यांनी शनिवारी एकदा केली होती, रविवारी चर्चमधून येऊन परत केली होती. थंड कपाटातला राखीव नमुना काढून तपासला, तो व्यवस्थित पास. आणि अठ्ठावीस नंबर केव्हाच जहाजावर चढून, उतरून, तिकडच्या गोदामांत पोचली होती. बॅच सोडताना कागदावर सही होती ब्रिजेट परेरा यांची. त्या सहीवर बोट ठेवून त्या बसल्या होत्या.

आमचे साहेब म्हणजे गुणवत्ता विभागाचे प्रमुख देसाई. ते वाईट नव्हते, आणि अडचण तीच होती. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. मॅडम मला बरोबर घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. देसाईंनी वही शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, ही पट्टी आली कुठून?"

"माझ्या माळ्यावरून."

"माळा आपल्या नियमात कुठे बसतो?"

"नियमात नाही बसत, साहेब. पेशंट बसतो तिथे."

देसाईंनी वही मिटली. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या घरच्या पट्टीवर मी परदेशातल्या लोकांना माल परत मागवायला सांगू? आपला राखीव नमुना पास आहे. आणि नमुना घरी नेणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. सहा महिन्यांत सन्मानाने रिटायर होताय. मी हे ऐकलं नाही, असं समजा. तुम्ही पण बोलला नाहीत."

ते मनापासून मॅडमचं भलं बघत होते. मलाही त्या क्षणी तेच पटलं, हे कबूल करतो. मॅडम उठल्या, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि बाहेर आल्या.

दुपारी जिन्यात त्या नेहमीसारख्या जेवल्या. मग मला विचारलं, "सावंत, आपल्याकडे तक्रार आली तर काय करतात?"

"फाईल करतात."

"आणि चोरी झाली तर?"

मी भात कालवत होतो. काही विचार न करता बोलून गेलो, "चोरीची तर चौकशी करावीच लागते. रजिस्टरला लिहिलं की संपलं, पान फाडता येत नाही. बाहेरचा तपासनीस आला की पहिलं तेच मागतो."

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि डबा बंद केला.

ते रजिस्टर म्हणजे नियमाबाहेर काही घडलं तर नोंद करायची जाड वही. पानांवर छापील नंबर, प्रत्येक नोंदीला दुसऱ्या एकाची सही. चार वाजता मॅडम ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. सुवाच्य, शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: मी, ब्रिजेट परेरा, अठ्ठावीस नंबरच्या बॅचमधून चार पट्ट्या परवानगीशिवाय घरी नेल्या. त्यांपैकी एक तपासली, निकाल सोबत जोडला आहे. उरलेल्या तीन माझ्या माळ्यावर आहेत. हे मी तीन वर्षांहून जास्त काळ करत आले आहे. प्रयोगशाळेत दुसऱ्या कोणालाही याची माहिती नव्हती.

शेवटचं वाक्य वाचून मी वर बघितलं. मॅडम फ्रॉकच्या टोकाने चष्मा पुसत होत्या.

"मॅडम, हे शेवटचं खरं नाही."

"तुझं पोरगं किती महिन्यांचं आहे?"

"सात."

"मग सही कर."

मी सही केली. या बाईने टोपलीतल्या कागदाला इस्त्री करून खरं जपलं होतं, आणि तीस वर्षांत एक खोटं वाक्य लिहिलं ते माझ्यासाठी. त्या सहीची मला लाज वाटते. सही केल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं, त्याची जास्त वाटते.

पुढचं सगळं त्यांनी ठरवलं होतं तसंच झालं. चोरीची चौकशी बसली. चोरलेल्या पट्टीचा निकाल रजिस्टरच्या पानाला जोडलेला असल्याने तो चौकशीतून वगळता येईना. महिन्याभरात तोच उंच फार्मासिस्ट तपासणीला आला, त्याने रजिस्टर मागितलं, ते पान वाचलं, परत वाचलं, आणि अठ्ठावीस नंबरचे राखीव नमुने गरम कपाटात ठेवायला सांगितले. काही आठवड्यांत तेही नापास झाले. मग शोध लागला की, त्या बॅचपासून कारखान्याने पट्टीचं प्लास्टिक गुपचूप पातळ केलं होतं. दमट हवा आत शिरत होती आणि गोळी दगडासारखी होत होती. आता मात्र देसाईंनी वेळ घालवला नाही. स्वतः पत्र लिहून माल परत मागवला.

आणि मॅडमना काढलं. दुसरं काही करताच येत नव्हतं. लेखी कबुली होती. कारण म्हणून 'नमुन्यांची चोरी' असं लिहिलं गेलं. निरोपाचा समारंभ नाही, वर्गणीतून घ्यायचं ठरलेलं घड्याळ नाही. शेवटच्या दिवशी फाटकावर वॉचमन बॅग न बघताच त्यांना सोडत होता. मॅडम थांबल्या. बॅग उघडली आणि त्याला प्रत्येक कप्पा बघायला लावला. "नीट बघ," म्हणाल्या, "मी लिहून दिलेली चोर आहे." वॉचमनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मॅडम त्याच्यावरच वैतागल्या की, रडत काय बसलास, बस जाईल माझी.

माल परत यायला पुढचे सात-आठ महिने गेले. ट्रक बंदरातून गोदामाकडे यायचे होते त्या दिवशी मी मोजणीला खाली उभा होतो. हिवाळ्याची सकाळ होती, खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरलेले, आणि ते बघायला आलेले लोक कॅमेरे घेऊन रस्त्याने जात होते. त्या गर्दीत मला निळ्या रबरी चपला दिसल्या. मॅडम फाटकासमोरच्या बसस्टॉपवर उभ्या होत्या. थोड्या बारीक झाल्या होत्या. आज माल येतोय हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी सांगितलं नव्हतं.

मी रस्ता ओलांडून गेलो. त्यांनी माझ्या मुलाचं विचारलं, चालायला लागला का, दात किती आले. मग फाटकाकडे बघून म्हणाल्या, "किती पेट्या परत आल्या?"

जहाजाचे कागद मी पाहिले होते, आणि त्यांना कधीतरी हे सांगावं लागणार, म्हणून मी 'सगळ्या' हे उत्तर तयार ठेवलं होतं. तोंडातून निघालं नाही.

"निम्म्याहून थोड्या जास्त."

"बाकीच्या?"

"पत्र पोचायच्या आधी गावांत वाटून झाल्या होत्या."

"तिकडे तेव्हा पाऊस होता?"

"हो."

पाऊस म्हणजे डास, डास म्हणजे ताप, हे आम्हा दोघांनाही बोलून दाखवायची गरज नव्हती. मॅडमनी मान हलवली. मी घाईघाईने म्हणालो, "मॅडम, तुमचा काय दोष? तुमच्या हातात होता तेव्हा नमुना पासच होता. तुम्ही नसता तर निम्म्यापण आल्या नसत्या."

"हे तू मला नको सांगू, सावंत," त्या म्हणाल्या. रागाने नाही, समजुतीने. "हे मला तिकडच्या कोणीतरी सांगायला पाहिजे. आणि तिकडे मला कोण ओळखतं?"

मी त्यांचा हात धरला. मासळीचा आणि साबणाचा वास येणारा, खरखरीत हात. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला, मग माझ्या मनगटावर थोपटून म्हणाल्या, "जा, मोजणी आहे ना तुझी. नीट मोज."

मी आत गेलो. ट्रक एकामागून एक लागले, पेट्या उतरत राहिल्या, आणि मी पेटीपेटीवरचा नंबर वाचून खूण करत राहिलो. मधे दोनदा त्यांची बस आली आणि गेली, त्या चढल्या नाहीत. दुपारी शेवटची पेटी आत घेतली आणि वॉचमनने फाटक ओढून घेतलं. फटीतून मी पाहिलं. मॅडम अजून तिथेच होत्या, डोक्यावर छत्री धरून, बंदराकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत, अजून एक ट्रक यायचा बाकी असल्यासारख्या.